ध्रुवाकडे निघालेले जहाज "पोलॅरिस"

कोल्हापुरास रंकाळ्याच्या काठी उभे राहून निरभ्र रात्री उत्तरेकडे दृष्टी टाकिली, तर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर दिसतो. झाडांची व घरांची आडकाठी असली तर तो सापडतही नाही. आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढाच ध्रुवतारा क्षितिजाच्या वर, हा नियम भूगोलाच्या तासाला आम्ही दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "मग तो अगदी डोक्यावर कोठे दिसेल?" उत्तर ध्रुवावर, हे उघड आहे. तेथे जाण्यासाठी इ. स. १८७१ मध्ये अमेरिकेहून एक जहाज निघाले होते, आणि त्याच्या चालकाने त्याला नावही ध्रुवताऱ्याचेच दिले होते. 'पोलॅरिस' म्हणजे ध्रुवतारा. या जहाजाची हकीकत आम्ही एकदा वर्गात सांगू लागलो, तो तास संपला तरी मुले उठेनात. ती येथे थोडी विस्ताराने देत आहोत. पालकांनीही ती वाचावी अशी आमची इच्छा आहे, कारण तिच्यात एक प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर मोठ्या माणसांनाही सहज देता येणार नाही.

या जहाजावर एकंदर तेहतीस माणसे होती. त्यांतील एकोणीस माणसे पुढे सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात वाहणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर राहिली. उरलेली चौदा फुटक्या जहाजातून कशीबशी किनाऱ्यास लागली. दोन्ही टोळ्यांतील एकही मनुष्य दगावला नाही, तान्हे मूलसुद्धा नाही. सर्व सफरीत मृत्यू काय तो एकच झाला, आणि तो जहाजावर, बिछान्यावर, वैद्य उशाशी असता झाला. मरण पावलेला मनुष्य म्हणजे सफरीचा नायक होता.

त्याचे नाव चार्ल्स फ्रॅन्सिस हॉल. त्याचा जन्म १८२१ सालचा. म्हणजे कोल्हापुरास १८५२ मध्ये येऊन शाळा घालणारे रेव्हरंड वाइल्डर यांच्याच पिढीतला हा अमेरिकन. शिक्षण बेताचे. आधी लोहाराच्या हाताखाली उमेदवारी केली, मग सिनसिनाटी शहरात शिक्के कोरण्याचा धंदा केला, पुढे एक लहानसे वर्तमानपत्र चालविले. समुद्राशी त्याचा काडीइतका संबंध नव्हता. परंतु १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन या इंग्रज दर्यावर्द्याची दोन जहाजे १२९ माणसांसह उत्तरेकडील बर्फात नाहीशी झाली होती, त्या वार्तेने त्याला झपाटले. त्यांतील काही लोक अजून जिवंत असतील, असे त्याच्या मनाने घेतले. आणि बायकामुले व धंदा मागे टाकून हा गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावर उत्तरेस गेला. १८६० ते ६२ व १८६४ ते ६९ अशा दोन खेपांत मिळून त्याने सुमारे सात वर्षे तिकडे काढिली.

तिकडील रहिवाश्यांस जुन्या पुस्तकांत 'एस्किमो' म्हटलेले असते. ते स्वतःस इन्युइट म्हणवितात. त्या काळचे बहुतेक गोरे प्रवासी आपले तंबू, आपले कपडे व आपले डबाबंद अन्न घेऊन जात आणि त्यांतच मरत. हॉल मात्र इन्युइट लोकांच्या बर्फाच्या झोपडीत राहिला, त्यांचे कातड्याचे कपडे ल्याला, सीलचे कच्चे मांस खाण्यास शिकला. पहिल्याच खेपेस त्याला एक इन्युइट जोडपे भेटले. पती एबियरबिंग व पत्नी टुकुलिटो. गोऱ्या खलाशांनी त्यांना जो व हॅना अशी नावे दिली होती. ही दोघे पूर्वी इंग्लंडास जाऊन आली होती व १८५३ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेटही घेतली होती. हॅनाचे शुद्ध व मृदू इंग्रजी कानी पडले तेव्हा हॉल थक्क झाला. पुढील सर्व प्रवासांत ती त्याची दुभाषी व जो त्याचा शिकारी झाला. ते त्याचे चाकर होते की मित्र होते, हे त्याला स्वतःलाही नीटसे सांगता आले नसते, असे आम्हांस वाटते.

हॉल साधुपुरुष मात्र नव्हता, हे येथेच सांगणे न्याय्य होईल. दुसऱ्या खेपेत, १८६८ मध्ये, त्याने आपल्याच एका नि:शस्त्र माणसाला तो बंड करितो या सबबीवर गोळी घातली, व तो मनुष्य मेला. त्याबद्दल त्याची कधीच चौकशी झाली नाही. मनुष्य हट्टी, तापट व आपल्या मनीच्या कल्पनेने भारलेला असा होता. फ्रँकलिनचा नाद सुटल्यावर त्याच्या मनाने उत्तर ध्रुव धरिला. अमेरिकेच्या काँग्रेस सभेने १८७० साली त्याला पन्नास हजार डॉलर मंजूर केले व आरमार खात्याने एक जुने जहाज दुरुस्त करून दिले. तेच हे 'पोलॅरिस'.

जहाज भक्कम होते, अन्न विपुल होते. कमतरता होती ती एकोप्याची. हॉल सफरीचा नायक खरा, परंतु जहाज हाकणे त्यास येत नव्हते. ते काम सिडनी बडिंग्टन या देवमाशाच्या शिकारीत मुरलेल्या खलाशाकडे होते. हा इसम अनुभवी खरा, पण ध्रुवाविषयी त्याला काडीची आस्था नव्हती, आणि दारूची गोडी मोठी होती. जॉर्ज टायसन नावाचा आणखी एक अनुभवी दर्यावर्दी मदतनीस म्हणून घेतला होता; त्याला अधिकार फारसा नव्हता. शास्त्रीय काम व वैद्यकी ही एमिल बेसेल्स या जर्मन विद्वानाकडे होती. वय अवघे चोवीस-पंचवीस, विद्यापीठाची पदवी, आणि आपला नायक हा शाळेत न टिकलेला लोहार आहे याची जाणीव क्षणभरही न विसरणारा. खलाशांत बहुसंख्य जर्मन असल्याने त्यांचा ओढा त्याच्याकडे. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरच भांडण इतके वाढले की बेसेल्स आपल्या मंडळींसह जहाज सोडून जाण्याची धमकी देऊ लागला. सामानाचे जहाज घेऊन आलेल्या आरमारी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली म्हणून ते तेवढ्यापुरते मिटले. ज्या घरात पहिल्याच दिवशी दोन चुली मांडल्या गेल्या, त्या घराचे पुढे काय व्हायचे, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको.

ग्रीनलंडमध्ये हान्स हेंड्रिक नावाचा दुसरा इन्युइट शिकारी आपली पत्नी व तीन मुले घेऊन जहाजावर आला. मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या वसाहतीत वाढलेला हा मनुष्य लिहितावाचता होता. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

१८७१ च्या ऑगस्टअखेर 'पोलॅरिस' ८२ अंश अक्षांशाच्या पलीकडे गेले. त्यापूर्वी कोणतेही जहाज उत्तरेस इतके दूर गेलेले नव्हते. हॉलला आणखी पुढे जावयाचे होते. बडिंग्टनने ते अशक्य ठरविले. अखेर ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ८१ अंश ३७ कलांवर, एका उपसागरात त्यांनी नांगर टाकिला व हॉलने त्या जागेस 'देवाचे आभार' अशा अर्थाचे नाव दिले. तेथे ध्रुवतारा जवळजवळ डोक्यावर येतो. ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य जो मावळतो तो सुमारे साडेचार महिने उगवत नाही.

१० ऑक्टोबर रोजी हॉल कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पुढील वाट पाहण्यास निघाला व २४ तारखेस परत आला. प्रकृती उत्तम होती. केबिनमध्ये शिरून त्याने कॉफीचा पेला घेतला आणि थोड्याच वेळात त्याच्या पोटात कळा येऊन वांत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो बरळू लागला. बेसेल्सने निदान केले ते मेंदूतील रक्तस्रावाचे, म्हणजे पक्षाघाताच्या झटक्याचे, आणि उपचार म्हणून क्विनाईनची टोचणी सुरू केली. हॉलची मात्र खात्री होऊन बसली की आपणांस विष घालीत आहेत. तो बेसेल्सचे नाव घेई, बडिंग्टनचेही घेई; केव्हा केव्हा सर्वांच्याच तोंडांतून निळा धूर निघताना आपणांस दिसतो, असे म्हणे. समोर ठेविलेले अन्न दुसऱ्याने आधी चाखल्यावाचून तो खाईना. काही दिवस त्याने वैद्यास जवळ येऊ दिले नाही. त्या काळात हॅनाने त्याची शुश्रूषा केली, आणि त्या काळात त्यास आराम पडू लागला. पुढे समजूत घातल्यावरून त्याने पुन्हा बेसेल्सचे उपचार घेतले. प्रकृती परत ढासळली व ८ नोव्हेंबरच्या पहाटे त्याचा प्राण गेला.

बर्फाने दगड झालेल्या जमिनीत खलाशांनी मोठ्या कष्टाने खड्डा खणला. तो दोन-अडीच फुटांपलीकडे जाईना. भर दुपारी काळोख असल्याकारणाने कंदिलाच्या उजेडात प्रार्थना झाली, व अमेरिकन निशाणात गुंडाळलेला तो देह तेथे ठेविण्यात आला.

मुख्य माणूस गेला आणि सफरीचा कणाच मोडला. अधिकार बडिंग्टनकडे गेला; दारूचा पुरवठा कमी पडला तेव्हा प्राणी जतन करून ठेवण्यासाठी आणलेले बेसेल्सचे स्पिरिटही त्याने चोरून प्याल्याची साक्ष पुढे आली. १८७२ च्या उन्हाळ्यात होड्यांनी ध्रुवाकडे जाण्याचे दोन-एक फुकट प्रयत्न झाले, आणि ऑगस्टात जहाज दक्षिणेकडे परतले. त्याच दिवसांत हान्सच्या पत्नीस मुलगा झाला. मृत नायकाचे व जहाजाचे नाव जोडून त्याचे नाव चार्ल्स पोलॅरिस ठेविले. अशा रीतीने संख्या पुन्हा तेहतीस झाली.

१५ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री तुफान वाऱ्याने मोठमोठे हिमखंड जहाजावर येऊन आदळले. जहाज फुटते आहे असे वाटून बडिंग्टनने सामान बर्फावर फेकण्याचा हुकूम दिला. काही माणसे बर्फावर उतरून ते सामान ओढू लागली. इतक्यात बर्फच दुभंगले, जहाजाचे दोर तुटले व ते काळोखात दिसेनासे झाले. टायसनने आपल्या हकीकतीत लिहिले आहे की, रुंदावत चाललेल्या एका भेगेवर कातड्यांचे एक गाठोडे पडलेले त्याला दिसले. ते त्याने ओढून घेतले, तो आत हान्सची मुले निजलेली! आणखी काही क्षण जाते तर ते गाठोडे पाण्यात गेले असते.

उजाडल्यावर मोजदाद केली, तेव्हा त्या हिमखंडावर एकोणीस माणसे भरली. टायसन व हवामानशास्त्रज्ञ मेयर, आचारी, वाढपी, सहा खलाशी. जो, हॅना व त्यांची मानलेली मुलगी पनी. हान्स, त्याची पत्नी व चार मुले, पैकी एक दोन महिन्यांचे. बरोबर साडेअकरा पोती बिस्किटे, पेमिकन म्हणजे वाळविलेले मांस व चरबी यांच्या मिश्रणाचे चौदा डबे, थोडे इतर खाद्य, दोन होड्या व दोन कायाक, म्हणजे इन्युइट लोकांच्या कातड्याच्या होड्या. थोड्या वेळाने दूरवर 'पोलॅरिस' शिडे व वाफ यांच्या जोरावर चालताना दिसले. टायसनने काळे फडके उभारून खुणा केल्या. जहाज वळले नाही. एका बेटाच्या आड गेले. बडिंग्टनने पुढे साक्षीत सांगितले की आम्हांस कोणीही दिसले नाही. एवढे मात्र खरे की जहाजात पाणी भरत होते व त्याला किनाऱ्यावर चढविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता या एकोणीस जणांचे काय झाले ते पाहू. वाऱ्याच्या व प्रवाहाच्या जोरावर तो हिमखंड दक्षिणेकडे वाहू लागला. जो व हान्स यांनी बर्फाच्या विटा कापून झोपड्या उभारिल्या. मोठ्या माणसास दिवसाला अकरा औंस, म्हणजे आपल्या हिशेबाने पावशेराहून थोडे अधिक अन्न ठरले. पण एवढ्याने उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत मनुष्य जगत नाही. त्याला ताजे मांस व चरबी हवी, आणि ती मिळविण्याची विद्या त्या बर्फावर दोघांनाच अवगत होती.

ही विद्या म्हणजे केवळ बंदूक झाडणे नव्हे. सील हा पाण्यात राहणारा, पण फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे. बर्फाखाली पोहत असता तो ठिकठिकाणी लहान छिद्रे राखतो व तेथे येऊन हवा घेतो. वरून ते छिद्र हिमाने झाकलेले असते. शिकाऱ्याने ते अंधारात हुडकावे, वाऱ्याच्या उलट बाजूस उभे राहावे, आणि श्वासाचा आवाज येईपर्यंत तासन् तास पाऊलही हलवू नये. बर्फावर पायाचा आवाज झाला की सील गेला. मिळालेल्या सीलचे मांस, रक्त, आतडी, कातडे, सर्व पोटात जाई. चरबी हॅना व हान्सची पत्नी दगडी किंवा पत्र्याच्या दिव्यात घालीत. त्या एका दिव्यावर उजेड, ऊब, स्वयंपाक आणि बर्फ वितळवून पिण्याचे पाणी या चारही गोष्टी होत. खलाशांना हा दिवा सांभाळणे कधी जमले नाही. त्यांनी सरपणासाठी काय करावे? दोन होड्यांपैकी एक होडी फोडून जाळली!

खलाशांजवळ पिस्तुले होती. टायसनजवळ काही नव्हते. भूक वाढली तशी त्यांची भाषा बदलली. या इन्युइट कुटुंबांना मारून खाण्यापर्यंत गोष्ट जाईल की काय, अशी भीती टायसनला वाटू लागली, व ती त्याने आपल्या टिपणात नमूद केली. जोलाही ती भीती होती. त्याने आपले पिस्तूल टायसनच्या हाती दिले. जरा विचार करा. जो व हान्स यांच्याजवळ कायाक होते, बर्फावरून चालण्याची सवय होती. आरंभी किनारा दृष्टिपथात असता ती दोन कुटुंबे निघून जाती, तर ती बहुधा वाचती आणि मागे राहिलेले दहाच्या दहा जण मेले असते. ती गेली नाहीत. ज्यांच्याकडून जिवाला धोका, त्यांच्याच ताटात ते दोघे रोज शिकार आणून घालीत राहिले. जहाजाच्या पटावर या लोकांची नावे सर्वांच्या शेवटी होती.

वसंत ऋतू आला तो नवे संकट घेऊन. दक्षिणेकडील उबेने हिमखंड फुटू लागला. १ एप्रिल १८७३ रोजी सर्वांनी तो सोडला व उरलेल्या एकाच होडीत, जी फार तर आठ-दहा माणसांची होती, एकोणीस जण बसले. मग या तुकड्यावरून त्या तुकड्यावर. एके रात्री लाटा बर्फावरून आरपार जाऊ लागल्या. बायका व मुले होडीत, आणि पुरुष सभोवार तिला धरून पाण्यात उभे. प्रत्येक लाटेने होडी पलीकडच्या कडेपर्यंत ढकलत न्यावी व त्यांनी ती पुन्हा ओढून आणावी. असे सकाळपर्यंत चालले. त्यानंतर एक-दोन जहाजे दूरून निघून गेली. शेवटी ३० एप्रिलच्या सकाळी धुक्यात सीलची शिकार करणारे 'टायग्रेस' हे जहाज दिसले. हान्स कायाकमध्ये बसून ओरडत त्याच्याकडे वल्हवीत गेला. लॅब्राडोरच्या किनाऱ्याजवळ ही मंडळी जहाजावर घेण्यात आली. ती सुमारे अठराशे मैल वाहत आली होती. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीच्या थोडे अलीकडेपर्यंत, एवढे हे अंतर होते.

इकडे बडिंग्टन, बेसेल्स आदी चौदा जणांनी जहाज ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लावून लाकडाचे घर बांधले. तेथील इन्युइट लोकांच्या मदतीने त्यांचाही हिवाळा निभावला. जूनमध्ये स्वतः बांधलेल्या होड्यांतून निघून ते 'रेव्हन्सक्रेग' या स्कॉटिश जहाजास भेटले.

आरमार खात्याने चौकशी केली. साक्षी परस्परविरोधी होत्या. कोणी म्हणे हॉलला झटका आला, कोणी विषाकडे बोट दाखवी. हॉलची अनेक टिपणे नाहीशी झालेली होती. शेवटी दोन वरिष्ठ वैद्यांनी बेसेल्सचे म्हणणे मान्य करून मृत्यू नैसर्गिक ठरविला. कोल्हापूरच्या वाचकांस येथे आपल्या गावची एक दुःखद आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. चवथे शिवाजी महाराज १८८३ च्या नाताळच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. सरकारी खुलासा एक झाला, लोकांच्या मनातील शंका दुसरी राहिली. ती आजही गावातील वृद्धांच्या बोलण्यात येते. फरक एवढाच की हॉलच्या बाबतीत पुरावा नष्ट झाला नव्हता. तो बर्फात ठेविलेला होता.

१९६८ च्या ऑगस्टात चॉन्सी लूमिस हे अमेरिकन प्राध्यापक डॉक्टर पॅडॉक यांना घेऊन विमानाने त्या निर्जन किनाऱ्यावर उतरले व परवानगीने त्यांनी ते थडगे उघडले. सत्त्याण्णव वर्षांनंतरही निशाणाचे रंग ओळखू येत होते. गोठलेल्या भूमीने देह पुष्कळ अंशी राखला होता. थडग्यातच शवपरीक्षा करून त्यांनी केस व नख यांचे तुकडे घेतले आणि देह पुन्हा झाकला. ते तुकडे कॅनडातील टोरोंटो येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासले गेले.

नखावरून काय कळणार, असे कोणी म्हणेल. तर ऐका. नख मुळाशी तयार होते व पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे नखाचे टोक हा काही महिन्यांपूर्वीचा काळ होय, आणि मूळ हे शेवटचे दिवस. सोमल, ज्यास इंग्रजीत आर्सेनिक म्हणतात, तो पोटात गेला की त्याचा काही अंश नखांत व केसांत जाऊन बसतो आणि तेथून हलत नाही. नखाचे लहान लहान भाग करून प्रत्येकातील सोमल मोजला, म्हणजे तो केव्हा पोटात गेला याची जणू रोजनिशीच हाती येते. हॉलच्या नखाच्या टोकाशी दर दहा लाख भागांत सुमारे पंचवीस भाग सोमल निघाला. मुळाशी सुमारे सत्त्याहत्तर. थडग्याभोवतीच्या मातीतही सोमल होता, दहा लाखांत बावीस भागांच्या आसपास; पण केवळ मातीतून तो झिरपला असता तर टोक व मूळ यांत तिपटीचा फरक पडण्याचे कारण नव्हते. निष्कर्ष असा की आयुष्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत हॉलच्या पोटात पुष्कळ सोमल गेला होता. ते दोन आठवडे म्हणजे बरोबर कॉफीच्या पेल्यापासून मृत्यूपर्यंतचे दिवस.

वर्गात हे सांगताच मुले एकदम ओरडली, "मग बेसेल्सनेच मारिले!" आम्ही त्यांना थांबविले. नखाने 'काय' आणि 'केव्हा' हे सांगितले. 'कोणी' हे नखावर लिहिलेले नाही. सोमल हे त्या काळी जितके विष, तितकेच औषधही होते. पाश्चात्य डॉक्टर त्याचा अर्क तापावर व इतर रोगांवर देत, आपल्याकडील वैद्यही तो शुद्ध करून मात्रांत घालीत. जहाजाच्या औषधपेटीत तो असणे अगदी साहजिक होते. वैद्यावर विश्वास नसलेल्या हॉलने स्वतःच्या हाताने तो घेतला असणे शक्य आहे, हे थडगे उघडणाऱ्या लूमिस यांनीच लिहून ठेविले आहे. वैद्याने औषध म्हणून दिला व मात्रा चुकली, हेही अशक्य नाही. उलट पक्षी, वैद्याला दूर ठेविले तेव्हा रोगी सुधारला, वैद्य जवळ आला तेव्हा बिघडला, ही गोष्ट बेसेल्सच्या विरुद्ध जाते. त्याचा १८८८ मध्ये मृत्यू झाला. थडगे उघडले तेव्हा उत्तर देण्यास त्यांतील कोणीही हयात नव्हते. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर संशय दाट आहे. परंतु न्यायाधीशाच्या आसनावर बसून केवळ एवढ्यावर फाशीचा हुकूम लिहावयाचा झाला, तर आमचा हात थांबेल. मुलांना हे उत्तर रुचले नाही. दोन मुलांचा वाद तर पुढे मधल्या सुटीपर्यंत चालला, व दोघांनीही नखाच्या वाढीचे आकडे तोंडपाठ केले होते, याचे आम्हांस समाधान वाटले.

मागील बाकावरील एका मुलीने मात्र निराळेच विचारिले: "हॅनाचे पुढे काय झाले?"

हान्स ग्रीनलंडला परतला. त्याने आपली जीवनकथा आपल्याच भाषेत लिहिली, आणि डॉक्टर रिंक यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १८७८ मध्ये छापून निघाले. गोऱ्या प्रवाश्यांच्या डझनावारी ग्रंथांत त्यांच्या शिकाऱ्याने लिहिलेले असे पुस्तक विरळा. हॉलच्या थडग्यावर १८७६ मध्ये इंग्रज आरमाराच्या ध्रुवसफरीतील लोकांनी पितळेची पाटी बसविली. हॅना अमेरिकेत ग्रॉटन गावी राहिली. पनी शाळेत जाऊ लागली होती. पण ती १८७५ मध्ये नऊ वर्षांची असता वारली, आणि १८७६ च्या शेवटच्या दिवशी हॅनाही गेली. दोघींची थडगी ग्रॉटनला आहेत. जो १८७८ मध्ये दुसऱ्या एका सफरीबरोबर पुन्हा उत्तरेस गेला. ती सफर परत आली. तो मात्र तिकडेच राहिला.